डिस्क एक, नोंदी दोन: क्लस्टरमधील एका अडलेल्या टेकओव्हरचा अभ्यास

एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागाला मी काही वर्षे बाहेरून साहाय्य करत होतो. बँकेची कोअर बँकिंग प्रणाली आयबीएमच्या दोन पॉवर सर्व्हरवर होती. दोन्हींवर एआयएक्स ५.३ ही युनिक्स प्रणाली होती आणि दोघांना एका क्लस्टरमध्ये, म्हणजे एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या जोडीत, बांधणारे सॉफ्टवेअर एचएसीएमपी ५.४ होते. डेटाबेस एका वेळी एकाच सर्व्हरवर चाले, दुसरा राखीव असे आणि सगळा डेटा दोघांनाही सॅनमधून, म्हणजे सामायिक साठवण-जाळ्यातून, दिसणाऱ्या त्याच त्या डिस्कवर असे. चालू नोड, म्हणजे काम करणारा सर्व्हर, पडला तर राखीव नोडने डिस्कचा ताबा घ्यायचा, फाइल सिस्टिम माउंट करायच्या, म्हणजे वापरासाठी जोडायच्या, सेवेचा आयपी पत्ता आपल्याकडे ओढायचा आणि डेटाबेस सुरू करायचा, म्हणजेच टेकओव्हर करायचा, अशी ही सर्वत्र आढळणारी रचना होती. एप्रिलमधल्या एका रविवारी हेच काम ठरवून, दोन्ही नोड धडधाकट असताना करायला गेलो आणि ते झाले नाही.

निमित्त साधे होते. चालू नोडमधील फायबर चॅनल कार्डाचे फर्मवेअर बदलायचे होते, म्हणून पहाटे डेटाबेस राखीव नोडवर हलवून दुपारपर्यंत काम उरकायचे आणि संध्याकाळी तो परत आणायचा, असे ठरले होते. शाखा बंद होत्या आणि एटीएमचे व्यवहार तात्पुरते स्विचच्या पातळीवर मर्यादेत मंजूर होणार होते. चालू नोडने आपले काम नीट केले: डेटाबेस थांबला, फाइल सिस्टिम सुटल्या, सामायिक व्हॉल्यूम ग्रुप बंद झाला, आयपी पत्ता सोडला गेला. राखीव नोडवर मात्र ताबा घेण्याची प्रक्रिया, एचएसीएमपीच्या भाषेत ‘घटना’, सुरू झाली आणि तिथेच रेंगाळली. ठरलेल्या वेळेत ती संपली नाही, तेव्हा कॉन्फिग-टू-लाँग हा एचएसीएमपी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आणणारा इशारा कन्सोलवर दर काही वेळाने उमटू लागला. डेटाबेस आता दोन्हींपैकी कुठेच नव्हता.

नोंद कुठे कुठे असते

पुढचे समजण्यासाठी एआयएक्सचा लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर आपली माहिती कुठे ठेवतो हे आधी पाहावे लागेल, कारण सगळे प्रकरण तिथेच आहे. अनेक डिस्क मिळून एक व्हॉल्यूम ग्रुप होतो, त्या ग्रुपमधील जागेचे समान आकाराचे तुकडे असतात आणि त्या तुकड्यांतून लॉजिकल व्हॉल्यूम कापले जातात. ग्रुपमध्ये कोणत्या डिस्क आहेत, कोणते लॉजिकल व्हॉल्यूम आहेत आणि कोणता तुकडा कुणाचा, याचा मूळ दस्त डिस्कवरच असतो. त्याला व्हीजीडीए म्हणतात. ग्रुपमध्ये एकच डिस्क असेल तर तिच्यावर त्याच्या दोन प्रती असतात, दोन डिस्क असतील तर एकीवर दोन आणि दुसरीवर एक, आणि तीन किंवा अधिक असतील तर प्रत्येकीवर एक. निम्म्याहून अधिक प्रती वाचता आल्या तरच ग्रुप सुरू होतो. यालाच क्वोरम म्हणतात.

पण प्रत्येक सर्व्हर या दस्ताची आपली एक नक्कलही बाळगतो. ती ओडीएम या त्याच्या स्थानिक नोंदसंग्रहात असते. त्यात ग्रुपचे नाव, डिस्कच्या ओळखी, लॉजिकल व्हॉल्यूमची नावे आणि उपकरणांचे क्रमांक असतात. याखेरीज इटीसी निर्देशिकेतील फाइलसिस्टिम्स नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कोणता लॉजिकल व्हॉल्यूम कोणत्या निर्देशिकेवर माउंट करायचा, त्याचा लॉग कोणता, आणि सर्व्हर सुरू होताना तो आपोआप माउंट करायचा की नाही, हे लिहिलेले असते. सातबाऱ्याचा मूळ उतारा तलाठ्याच्या दप्तरात असावा आणि दोन्ही भावांनी आपापल्या ट्रंकेत त्याची एकेक नक्कल ठेवावी, तशी ही व्यवस्था आहे. एका भावाने फेरफार करून घेतला तर मूळ दप्तर बदलते, त्याची स्वतःची नक्कलही बदलते, पण दुसऱ्याच्या ट्रंकेतला कागद आपण होऊन बदलत नाही.

एकाच सर्व्हरवर काम करणाऱ्याला या दोन नोंदींमधला फरक कधी जाणवतही नाही, कारण ग्रुपवर चालवलेली प्रत्येक आज्ञा दोन्हींकडे एकाच दमात लिहिते. क्लस्टरमध्ये डिस्क सामायिक असते आणि ओडीएम सामायिक नसतो, आणि ‘सामायिक स्टोरेज’ या शब्दप्रयोगाने नेमके हेच झाकले जाते. मला विचाराल तर हा शब्द शिकवताना त्याच वाक्यात ओडीएमचेही नाव घ्यावे.

आयबीएमला हे ठाऊक होते. एचएसीएमपी १९९१ मध्ये बाजारात आले (पुढे त्याचे नाव पॉवरएचए झाले) आणि या दरीवर पूल म्हणून त्यात सी-स्पॉक नावाची सोय आहे. तिच्या मेनूतून फाइल सिस्टिम बनवली किंवा वाढवली की बदल चालू नोडवर होतो आणि लगोलग इतर नोडांच्या नोंदीही अद्ययावत केल्या जातात. शिवाय दुसरी एक पाठराखण असते, तिला लेझी अपडेट म्हणतात. टेकओव्हरच्या वेळी राखीव नोड डिस्कवरील दस्ताचा काळशिक्का आपल्याकडे टिपून ठेवलेल्या शिक्क्याशी ताडतो, आणि तो जुळला नाही तर ग्रुप सुरू करण्यापूर्वी डिस्कवरून नवी माहिती शिकून घेतो. ‘सी-स्पॉक वापरले नाही तरी चालते, टेकओव्हरच्या वेळी तो शिकतोच’ असे विभागातल्या दोघा-तिघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितले होते. बहुतेक वेळा ते खरेही ठरत असे. लागलेली सवय त्यामुळेच मोडली नाही.

रविवारची सकाळ

क्लस्टरच्या नोंदवहीत, म्हणजे एचएसीएमपी-डॉट-आउट या फाइलमध्ये, अडलेली जागा सापडायला वेळ लागला नाही. टेकओव्हरच्या स्क्रिप्टने काळशिक्का ताडला होता, तो जुळला नव्हता, म्हणून तिने इम्पोर्टव्हीजी ही आज्ञा एल या पर्यायासह चालवली होती. हा पर्याय ग्रुप नव्याने आयात करत नाही. आधीपासून माहीत असलेल्या ग्रुपमध्ये काय बदलले आहे ते शिकून घेणे एवढेच तो करतो. ती आज्ञा एका लॉजिकल व्हॉल्यूमच्या नावापाशी अडली होती. नाव होते एफएसएलव्ही००.

राखीव नोडला काय माहीत आहे आणि डिस्कवर खरोखर काय आहे, हे आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ग्रुप बंद असताना एलएसव्हीजी ही नेहमीची आज्ञा लॉजिकल व्हॉल्यूमची यादी देत नाही. म्हणून राखीव नोडची समजूत ओडीएमगेटने काढली आणि डिस्कवरील दस्त एलक्वेरीव्हीजीने थेट डिस्कवरून वाचला. दुसरी आज्ञा ओडीएमला काहीच विचारत नाही, म्हणून अशा प्रसंगी तिच्याइतकी विश्वासू साक्षीदार दुसरी नाही.

तीन फरक निघाले. दस्ताप्रमाणे ग्रुपमध्ये पाच डिस्क होत्या, तर राखीव नोड चारच मानत होता. पाचवी डिस्क त्याला उपकरण म्हणून दिसत होती, पण एलएसपीव्हीच्या यादीत तिच्यासमोर ओळखक्रमांकाच्या जागी काहीच नव्हते. चालू नोडवर तीच डिस्क एचडिस्क६ होती आणि राखीव नोडवर एचडिस्क७. त्यात वावगे काही नाही, कारण एचडिस्कचे क्रमांक प्रत्येक सर्व्हर आपल्या क्रमाने देतो. डिस्कची खरी ओळख तिच्यावर लिहिलेला पीव्हीआयडी हीच असते. दुसरा फरक असा की एक जुना लॉजिकल व्हॉल्यूम राखीव नोडच्या समजुतीत होता, दस्तात नव्हता. तिसरा फरक म्हणजे तो एफएसएलव्ही००: दस्तात होता आणि राखीव नोडलाही माहीत होता, पण भलत्याच ग्रुपमधला म्हणून. राखीव नोडच्या स्वतःच्या अंतर्गत डिस्कवर कुणीतरी सॉफ्टवेअरचे संच ठेवण्यासाठी कधीकाळी एक फाइल सिस्टिम बनवली होती, आणि तिच्याखालच्या लॉजिकल व्हॉल्यूमचे नावही एफएसएलव्ही००च होते.

योगायोग वाटतो, पण नाही. फाइल सिस्टिम बनवताना लॉजिकल व्हॉल्यूम आधी स्वतः नाव देऊन बनवला नाही, तर एआयएक्स तो आपणच बनवतो आणि एफएसएलव्हीपुढे पहिला मोकळा आकडा लावतो. मोकळा म्हणजे त्या सर्व्हरच्या ओडीएममध्ये मोकळा. शेजारच्या नोडला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. घाईत बनवलेल्या पहिल्या फाइल सिस्टिमचा लॉजिकल व्हॉल्यूम प्रत्येक सर्व्हरवर एफएसएलव्ही०० याच नावाचा होणार. एका घरात दोन ‘बाळू’ चालून जातात. एका ओडीएममध्ये एकाच नावाचे दोन लॉजिकल व्हॉल्यूम चालत नाहीत.

मार्चमध्ये काय झाले होते, हे मग नोंदींवरून जुळवता आले. वर्षअखेरीच्या आठवड्यात डेटाबेसचे आर्काइव्ह लॉग, म्हणजे बदलांच्या जपून ठेवलेल्या नोंदी, जागा भरून टाकत होते. स्टोरेजवाल्यांनी नवी डिस्क दोन्ही नोडांना दाखवली आणि दोन्हीकडे ती शोधूनही घेतली गेली. त्यानंतर रात्रपाळीच्या प्रशासकाने चालू नोडवर ती डिस्क ग्रुपमध्ये घातली, जुन्या डेटा-स्थलांतरासाठी बनवलेली आणि आता रिकामी असलेली फाइल सिस्टिम काढून टाकली आणि आर्काइव्हसाठी नवी बनवली. तिन्ही कामे त्याने स्मिट या एआयएक्सच्या प्रशासन-साधनाच्या साध्या मेनूतून केली, सी-स्पॉकच्या नव्हे. जागा मिळाली, डीएफ या जागा दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीत नवी फाइल सिस्टिम दिसली, तिकीट बंद झाले. टेकओव्हरची वार्षिक चाचणी फेब्रुवारीत झाली होती आणि ती उत्तम पार पडली होती.

इम्पोर्टव्हीजीच्या माहितीपानावर एल पर्यायाखाली असे बजावलेले आहे की चालू नोडवर लॉजिकल व्हॉल्यूम घातलेही असतील आणि काढलेही असतील, तर शिकण्याचा निकाल विसंगत येऊ शकतो, म्हणून हा पर्याय प्रत्येक बदलानंतर वापरावा, बदल साठवून नंतर एकदम वापरू नये. नावांची टक्कर आढळली तर ही आज्ञा अयशस्वी होईल, हेही तिथेच आहे. आमच्या मार्चच्या रात्रीत दोन्ही अटी मोडल्या होत्या. लेझी अपडेटवर विसंबणाऱ्यांनी हे पान वाचले नव्हते. खरे सांगायचे तर त्या रविवारपर्यंत मीही ते पूर्ण वाचले नव्हते.

एक टाळलेली आज्ञा

सहकाऱ्यांपैकी एकाने तोडगा सुचवला. राखीव नोडवरून ग्रुपची जुनी व्याख्या एक्स्पोर्टव्हीजीने पुसायची आणि एल न लावता पूर्ण आयात करायची. एक्स्पोर्टव्हीजी हे नाव ऐकून नवखा माणूस दचकतो, पण ती डिस्कवरच्या डेटाला हात लावत नाही, फक्त त्या सर्व्हरच्या ओडीएममधून आणि फाइलसिस्टिम्समधून ग्रुपचा उल्लेख काढते. तोडगा चुकीचा नव्हता. पूर्ण आयात नावांच्या टकरीवर अडतही नाही: ती येणाऱ्या लॉजिकल व्हॉल्यूमचे नावच बदलून टाकते, आणि एफएसएलव्ही००चे एफएसएलव्ही०१ झाले असा संदेश देऊन पुढे जाते.

अडचण त्या पुढे जाण्यातच होती. नाव बदलते ते सामायिक दस्तात. म्हणजे राखीव नोड शहाणा होतो आणि त्याच क्षणी चालू नोड अडाणी, कारण त्याच्या ओडीएममध्ये आणि फाइलसिस्टिम्समध्ये अजून एफएसएलव्ही००च असते. संध्याकाळी डेटाबेस परत आणताना तोच खेळ उलट दिशेने झाला असता. सहकाऱ्याने आज्ञा टंकून ठेवली होती, एंटर दाबणे बाकी होते. ‘सर, एवढ्यात सुटेल,’ तो म्हणाला. सुटलेही असते, पण सेवा बंद असताना मूळ दस्तात बदल करायचा आणि तोही असा की परतीची वाट अंधारी व्हावी, हे मला पटले नाही.

चालू नोडवर तोवर सगळे सुसंगत होते. तिथली नक्कल आणि दस्त यांत काडीचा फरक नव्हता. म्हणून आधी राखीव नोडवर अडलेली घटना क्लस्टरच्या दुरुस्ती-मेनूतून मोकळी केली, रिसोर्स ग्रुप, म्हणजे डिस्क, पत्ता आणि डेटाबेस यांचा एकत्र हलणारा संच, पुन्हा मूळ नोडवर आणला आणि डेटाबेस सुरू केला. फर्मवेअरचे काम पुढे ढकलले. बँकेच्या दृष्टीने तो रविवार वाया गेला, आणि तसे मला तिखट शब्दांत ऐकवलेही गेले. मात्र वीज किंवा मदरबोर्ड जाऊन चालू नोड खरोखर पडला असता, तर परत जाण्यासाठी सुसंगत नोडच उरला नसता, आणि मग तीच आज्ञा मला स्वतःला टंकावी लागली असती.

दुरुस्ती

पुढच्या रविवारी डेटाबेस व्यवस्थित थांबवून आम्ही काम हाती घेतले. प्रथम चालू नोडवर आर्काइव्हची फाइल सिस्टिम अनमाउंट करून तिच्या लॉजिकल व्हॉल्यूमला ग्रुपचा पूर्वपद लावलेले अर्थपूर्ण नाव दिले, आणि फाइलसिस्टिम्समधली तिची नोंद नव्या नावाशी जुळते ना हे उघडून पाहिले. नाव आपण निवडून, ज्या नोडला सगळे माहीत आहे त्याच्यावर बदलले की नंतर राखीव नोडला शिकायचे तेवढे उरते. यंत्राने आपल्या मनाने बारसे करण्याची वेळ येत नाही. राखीव नोडवरच्या सॉफ्टवेअर संचाच्या लॉजिकल व्हॉल्यूमचेही नाव त्याच वेळी बदलून टाकले.

मग चालू नोडवर ग्रुप बंद केला. राखीव नोडवर पाचव्या डिस्कला सीएचडेव्हने पीव्ही-येस हा गुण लावला. डिस्कवर पीव्हीआयडी आधीच असेल तर ही आज्ञा नवा लिहीत नाही, असलेला वाचून ओडीएममध्ये टिपते. पाचही डिस्कचे पीव्हीआयडी दोन्ही नोडांवर जुळल्यावर एक्स्पोर्टव्हीजी आणि नंतर पूर्ण इम्पोर्टव्हीजी चालवली. टक्कर नव्हती, संदेश नव्हते. पाच डिस्क, योग्य तितके लॉजिकल व्हॉल्यूम, जुन्याचा मागमूस नाही.

इथे बहुतेक जण थांबतात. आयात झालेल्या ग्रुपचे दोन गुण मूळ ठरीव किमतींवर परत जातात: क्वोरम आणि ऑटो-ऑन. आमच्या ग्रुपचा ऑटो-ऑन अर्थातच बंद असायचा होता, कारण क्लस्टरमधील सामायिक ग्रुप सर्व्हर सुरू होताना कुणी आपोआप सुरू करायचा नसतो, तो निर्णय क्लस्टरचा असतो. आयातीनंतर एलएसव्हीजीमध्ये ऑटो-ऑन चालू दिसत होता. तसाच राहिला असता तर राखीव नोड पुढच्या वेळी बूट होताना चालू नोडच्या डिस्कवर हक्क सांगायला गेला असता. आमच्या डिस्कवर एकमार्गी आरक्षणाचे धोरण होते, म्हणजे ग्रुप ज्या सर्व्हरवर सुरू असेल त्याच्यासाठीच डिस्क राखली जात असे, म्हणून स्टोरेजनेच त्याला दारातून परत पाठवले असते. पण जिथे आरक्षण बंद ठेवलेले असते, तिथे हे संरक्षण नसते. आणि दुहेरी व्हर्च्युअल आय-ओ सर्व्हरच्या, म्हणजे डिस्क दोन मध्यस्थांमधून पोहोचवणाऱ्या, रचनेत तर ते बंदच ठेवावे लागते. तिथे दोन नोडांनी एकच जेएफएस२ (एआयएक्सची नेहमीची) फाइल सिस्टिम एकाच वेळी माउंट केली, तर ती फाइल सिस्टिम क्लस्टरसाठी बनलेली नसल्याने दोघेही एकमेकांच्या नकळत तिच्या अंतर्गत नोंदी लिहितात, आणि त्यातून जे उरते ते बॅकअपमधूनच परत आणावे लागते. पुढे एआयएक्सने यासाठी जेएफएस२ला असे दुहेरी माउंट अडवणारा माउंट गार्ड हा गुण दिला, आमच्या ५.३ मध्ये तो नव्हता. ऑटो-ऑन बंद केला, प्रत्येक फाइल सिस्टिमच्या नोंदीत आपोआप माउंटिंग नाकारलेले आहे हे तपासले, सगळ्या एकदा हाताने माउंट केल्या, पुन्हा काढल्या, ग्रुप बंद केला आणि तो मूळ नोडकडे दिला. क्लस्टरची पडताळणी आणि समक्रमण चालवले, ते निर्दोष आले.

दोष कुणाचा, आणि मोड बदलण्याचा प्रश्न

बँकेने अहवाल मागितला तेव्हा त्यात एका नावाची अपेक्षा होती हे उघड होते. मी ते लिहिले नाही. रात्रपाळीच्या प्रशासकाने केलेली प्रत्येक कृती एकट्या सर्व्हरवर बिनचूक ठरली असती. त्याला मिळालेल्या कामाच्या वर्णनात ‘जागा उपलब्ध करून देणे’ एवढेच होते, आणि जागा त्याने उपलब्ध करून दिलीच. साधा मेनू आणि सी-स्पॉकचा मेनू दोन्ही स्मिटमध्येच आहेत. पहिला चार कळा दाबून येतो, दुसरा खोल आहे, प्रत्येक पायरीवर दोन्ही नोडांशी बोलत असल्याने संथ आहे आणि क्लस्टरची स्थिती बिघडलेली असेल तर चालायलाच नकार देतो. मध्यरात्री, आर्काइव्ह भरून डेटाबेस थांबण्याच्या बेतात असताना, माणूस कोणता मेनू उघडेल हे सांगायला नको. साधा मेनू सामायिक ग्रुपवर बिनतक्रार चालतो, तक्रार करतो तो दुसरा नोड, आणि तोही महिन्याभराने.

ग्रुप एन्हान्स्ड कन्करंट प्रकारात न्यावा, असा प्रस्ताव अहवालानंतर पुढे आला. एआयएक्स ५.१ पासून ही सोय आहे. या प्रकारात ग्रुप दोन्ही नोडांवर एकाच वेळी सुरू असतो, एकावर वाचन-लेखनासह आणि दुसऱ्यावर निष्क्रिय रूपात, आणि जीएसक्लव्हीएमडी हा डिमन, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्रॅम, लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजरचे बदल निष्क्रिय नोडच्या ओडीएमपर्यंत त्याच वेळी पोहोचवतो. टेकओव्हरमध्ये डिस्कवरचे आरक्षण तोडण्याचा वेळ वाचतो, म्हणून त्याला फास्ट डिस्क टेकओव्हर म्हणतात. आम्ही पुढे तो स्वीकारला आणि स्वीकारण्याजोगाच तो आहे, पण प्रस्तावात ‘यामुळे अशी चूक पुन्हा होणार नाही’ असे वाक्य होते, ते मी काढायला लावले. हा डिमन लॉजिकल व्हॉल्यूमपर्यंतच पाहतो. फाइलसिस्टिम्स ही फाइल त्याच्या हद्दीबाहेर आहे. साध्या मेनूतून बनवलेल्या फाइल सिस्टिमची नोंद दुसऱ्या नोडवर तो लिहून देत नाही. शिवाय डिस्कवरचे आरक्षण गेले की दोन नोडांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर येते. एक दरी अरुंद होते, दुसऱ्या बाजूचा कठडा निघतो.

प्रत्यक्षात उपयोगी पडल्या त्या गोष्टी फार साध्या होत्या. सामायिक ग्रुपमधील प्रत्येक लॉजिकल व्हॉल्यूमला आणि लॉगला आधी नाव द्यायचे, मगच त्यावर फाइल सिस्टिम बनवायची. आपोआप पडलेले नाव सामायिक ग्रुपमध्ये दिसले तर ते अपुरे काम समजायचे. तिकीट बंद करताना चालू नोडवरील डीएफची यादी पुरणार नाही, राखीव नोडच्या ओडीएममधील नोंदही जोडायची. आणि रोज रात्री दोन्ही नोडांवरून डिस्कचे पीव्हीआयडी, लॉजिकल व्हॉल्यूमची नावे आणि फाइलसिस्टिम्समधील संबंधित परिच्छेद गोळा करून त्यांच्यातला फरक (डिफ) काढणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट. ती लिहायला एक दुपार लागली.

राहून गेलेली एक गोष्ट

जूनमध्ये टेकओव्हरची चाचणी घेतली. राखीव नोडने ग्रुप घेतला, फाइल सिस्टिम माउंट झाल्या, डेटाबेस सुरू झाला. सगळ्यांनी चहा मागवला. तेवढ्यात अहवाल काढणाऱ्या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवरून फोन आला: अहवालांची निर्देशिका उघडत नाही, स्टेल एनएफएस फाइल हँडल असा संदेश येतो.

सामायिक ग्रुपमधील एक फाइल सिस्टिम एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल वापरू देणाऱ्या सोयीने, बाहेर दिलेली होती. एनएफएस क्लायंटकडे फाइलची जी खूण असते, तिच्यात सर्व्हरवरील उपकरणाचा मेजर क्रमांक, म्हणजे सर्व्हरने ग्रुपला दिलेला उपकरण-क्रमांक, गुंतलेला असतो, म्हणून क्लस्टरमधील सामायिक ग्रुपचा मेजर क्रमांक सगळ्या नोडांवर तोच असावा लागतो. आयात करताना तो व्ही पर्यायाने सांगता येतो. सांगितला नाही तर सर्व्हर आपल्याकडचा एखादा मोकळा क्रमांक देतो. एप्रिलमधल्या दुरुस्तीत पूर्ण आयातीची आज्ञा मी स्वतः टंकली होती आणि तिच्यात व्ही पर्याय नव्हता. राखीव नोडवरील एक जुना स्थानिक ग्रुप मधल्या काळात काढला गेला होता, त्याचा लहान क्रमांक मोकळा होता आणि आमच्या ग्रुपला तोच मिळाला. रोज रात्रीची स्क्रिप्ट सात आठवडे ‘फरक नाही’ असे सांगत होती, कारण मेजर क्रमांक तिला पाहायला सांगितलेलाच नव्हता.

त्या दिवशी अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर निर्देशिका अनमाउंट करून पुन्हा माउंट केली आणि काम चालवले. डेटाबेस मूळ नोडवर परत गेल्यावर दोन्ही नोडांवर एलव्हीएलएसटीमेजरने मोकळ्या क्रमांकांची यादी काढली. मूळ नोडवरचा क्रमांक राखीव नोडवरही मोकळा होता, म्हणून पुढच्या बंद काळात राखीव नोडवर ग्रुप पुन्हा काढून त्याच क्रमांकासह आयात केला, आणि ऑटो-ऑन पुन्हा एकदा बंद केला. स्क्रिप्टमध्ये डेव्ह निर्देशिकेतील ग्रुपच्या नोंदीचा मेजर क्रमांक वाचणारी ओळ त्याच संध्याकाळी घातली. अहवालाच्या पुरवणीत ही आज्ञा कुणी टंकली होती, ते मात्र नावासकट लिहिले.